परतीचे दोर हातात ठेवणारा माणूस

विरेश्वराच्या छबिन्याला फुगेवाल्याच्या काठीवर डोलणारा फुग्यांचा झुबका बघून एक प्रश्न तुमच्याही डोक्यात कधी ना कधी आला असेल. हे सगळे फुगे एकदम हातात घेतले, तर आपण वर जाऊ का? मोठं झाल्यावर हा प्रश्न आपण हसून सोडून देतो. २००९ मध्ये ‘अप’ हा सिनेमा आला, त्यातल्या आजोबांचं अख्खं घर फुग्यांनी उचललं, तेव्हा तो परत आठवला आणि परत मागे पडला.

जगात काही मोजक्या माणसांनी मात्र तो सोडला नाही. गिर्यारोहक बांधतात तसा पट्ट्यांचा हार्नेस अंगावर चढवायचा, डोक्यावर हेलियमचे काही डझन मोठे फुगे बांधायचे आणि जमीन सोडायची. इंजिन नाही, पंख नाहीत, सुकाणू नाही. वारा नेईल तिकडे जायचं. याला ‘क्लस्टर बलूनिंग’ म्हणतात. हा छंद करणारी माणसं जगभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. या प्रकाराची सुरुवात ज्यांच्या नावावर सांगितली जाते, ते मात्र कुणी तरणेबांड स्टंटबाज नव्हते. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, तीन मुलांचे बाप होते आणि त्या दिवशी त्यांचं वय होतं ५३. त्यांचं नाव जाँ पिकार्ड.

आता तुम्ही म्हणाल, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वारलेल्या या माणसाशी महाड-पोलादपूरचा काय संबंध? संबंध धाडसाचा आहे. पोलादपूरपासून जवळच उमरठ आहे, नरवीर तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापल्याची कथा तुम्ही शाळेत ऐकली आहे. ‘परतीचे दोर कापणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार त्याच कथेची आठवण देतो. धाडस म्हटलं की आपल्याला कापलेले दोरच आठवतात. पिकार्ड यांचं आयुष्य वाचताना मात्र एक वेगळंच धाडस दिसतं. वर जाण्याआधी खाली कसं यायचं, हे ठरवून ठेवणारं.

एकासारखे एक दोघे

२८ जानेवारी १८८४. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पिकार्डांच्या घरी जुळे मुलगे जन्मले. एक ऑगस्ट, दुसरा जाँ. वडील तिथल्याच विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. दोघंही उंच, सडपातळ, आणि इतके सारखे की लोक फसायचे. एक किस्सा आवर्जून सांगितला जातो. दोघांपैकी एक जण न्हाव्याकडे गेला आणि माझी दाढी फार भराभर वाढते, जरा नीट कर, असं बजावून गुळगुळीत दाढी करून आला. थोड्या वेळानं दाढीचे खुंट वाढलेला दुसरा भाऊ त्याच दुकानात तक्रार घेऊन हजर. न्हाव्याची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा!

दोघंही झ्युरिकच्या नामवंत तंत्रशास्त्र संस्थेत शिकले. ऑगस्ट भौतिकशास्त्राकडे वळले, जाँ रसायनशास्त्राकडे. पण बलूनचं वेड दोघांचं एकच. १९१३ मध्ये दोघांनी मिळून झ्युरिकहून बलूनमधून सोळा तासांची सफर केली. पुढे स्वित्झर्लंडच्या सैन्याच्या बलून पथकातही दोघंही होते.

मग वाटा वेगळ्या झाल्या. जाँ शिकागो विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे त्यांची भेट जीनेट रिडलन या विद्यार्थिनीशी झाली. १९१९ मध्ये दोघांनी लग्न केलं, काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये काढली आणि १९२६ मध्ये अमेरिकेत परतले. जाँ यांनी पुढे स्फोटकं बनवणाऱ्या हर्क्युलीस पावडर या कंपनीतही काम केलं. ही नोकरी लक्षात ठेवा, तिचा संबंध पुढे येणार आहे.

दोर अडकला आणि जग थांबलं

२७ मे १९३१ या दिवशी ऑगस्ट पिकार्ड जगप्रसिद्ध झाले. जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून पाउल किप्फर या सहकाऱ्याबरोबर ते ॲल्युमिनियमच्या हवाबंद गोळ्यात बसले आणि बलूननं त्यांना १५,७८१ मीटर उंचीवर नेलं. आपला रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर. म्हणजे एकोणीस रायगड एकावर एक ठेवा, तेवढी ही उंची. तिथे हवा इतकी विरळ की उघड्यावर माणूस जगणं शक्य नाही. त्या उंचीवर जाऊन जिवंत परतलेले हे पहिलेच दोघे.

पण परतणं सोपं नव्हतं. बलूनमधला वायू सोडून खाली यायचं, तर वरची झडप उघडावी लागते. ती उघडायचा दोर दुसऱ्या दोरात अडकला होता. दुपारपर्यंत उतरायचं ठरलं होतं, पण उतरताच येईना. गोळ्याला एक फट पडली होती, ती व्हॅसलीन लावून बुजवावी लागली. आत उकाडा वाढला, पाणी संपत आलं, तेव्हा भिंतीवर जमलेल्या दवाचे थेंब टिपून दोघांनी घसा ओला केला. शेवटी संध्याकाळी ऊन उतरलं, वायू थंड होऊन आकसला आणि बलून आपोआप खाली यायला लागलं. रात्री ते ऑस्ट्रियाच्या आल्प्समधल्या एका हिमनदीवर टेकले. तोवर खालच्या जगानं त्यांना मेलेलं धरलं होतं.

या सफरीनं ऑगस्ट हे नाव घरोघर पोचलं. टिनटिनच्या चित्रकथांतला विसरभोळा प्रोफेसर कॅल्क्युलस त्यांच्यावरूनच रेखाटला गेला. आणि जाँ? तोच चेहरा, तेच वेड, पण ओळख काय तर ‘ऑगस्टचा भाऊ’. ज्यांच्या घरात एखादा दादा किंवा ताई बोर्डात आलेली आहे, त्यांना यातला सल वेगळा समजावून सांगायला नको.

१९३३ मध्ये शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथून एक प्रचंड बलून उडवायचं ठरलं आणि त्या कामात जाँ होते. पण ऑगस्टमधल्या पहिल्या उड्डाणात नौदलाचा वैमानिक टॉमस सेटल एकटाच वर गेला. याही वेळी घोळ झाला तो झडपेचाच. ती उघडी राहिली, वायू निघून गेला आणि काही मिनिटांतच बलून शहरातल्या रेल्वे यार्डात येऊन पडलं. नोव्हेंबरमध्ये सेटल आणि फोर्डनी यांनी त्याच बलूनमधून विक्रम केला, पण त्यातही जाँ नव्हते.

एका वेळी दोर अडकून झडप उघडली नाही. दुसऱ्या वेळी उघडलेली झडप मिटली नाही. अख्खा जीव एका झडपेवर आणि एका दोरावर टांगलेला. रसायनशास्त्राच्या या प्राध्यापकानं त्यातून काय घेतलं असेल, ते त्यांच्या पुढच्या दोन उड्डाणांत दिसतं.

सुकाणू जीनेटच्या हाती

१९३४ मध्ये पिकार्ड पती-पत्नीनं स्वतःच वर जायचं ठरवलं. जाँ यांना वर जाऊन विश्वकिरणांची उपकरणं सांभाळायची होती. मग बलून कोण चालवणार? उत्तर घरातच होतं. जीनेट यांनी त्याच वर्षी रीतसर प्रशिक्षण घेतलं, एकटीनं उड्डाण केलं आणि बलून चालवण्याचा परवाना मिळवणारी अमेरिकेतली पहिली बाई ठरल्या. वय ३९, घरात तीन मुलगे.

पैसे उभे करताना खरी परीक्षा झाली. एका बाईला, त्यातही मुलांच्या आईला असल्या धोक्यात पाठवायला आपलं नाव लावणार नाही, अशी बड्या बड्यांची भूमिका होती. दोघांनी जमेल तिथून पैसे जमवले आणि तयारी चालूच ठेवली.

इथे जाँ यांची स्फोटकांच्या कारखान्यातली नोकरी कामाला आली. हवाबंद गोळ्याच्या आत बसून बाहेर लटकणारी वजनाची पोती सोडायची कशी? जाँ यांनी त्या दोरांना छोट्या स्फोटक टोप्या लावल्या. आतून बटण दाबलं की टोपी फुटायची आणि दोर तुटून पोतं खाली पडायचं. बलूनमध्ये हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा वायू, आणि हा माणूस त्याच्याखाली स्फोटकं लावतोय! लोकांना हा वेडेपणा वाटला. जाँ यांनी आधी जमिनीवर चाचण्या घेतल्या आणि मगच ती वर नेली. आज अंतराळयानाचे भाग एकमेकांपासून सोडवायला अशीच नियंत्रित स्फोटकं वापरतात.

२३ ऑक्टोबर १९३४ च्या सकाळी मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथून हजारो लोकांच्या समोर बलून उडालं. जीनेट चालवत होत्या, जाँ उपकरणं बघत होते. सोबत घरचं पाळीव कासवही होतं. ढगांच्या दाट थरातून वर निघून त्यांनी साडेसतरा किलोमीटरची उंची गाठली आणि दुपारी ओहायो राज्यात कॅडिझ गावाजवळ झाडांमध्ये उतरले. बलून फाटलं, माणसं वाचली. अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेली ही पहिली बाई. १९६३ मध्ये व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अंतराळात जाईपर्यंत जीनेट यांच्याइतकी उंची दुसऱ्या कुठल्याही स्त्रीनं गाठली नव्हती.

यानंतर फुलांचे हार आणि नोकऱ्यांची रांग, असं तुम्हाला वाटेल. झालं उलटंच. मंदीचा काळ होता. पन्नाशीचा, परदेशी वळणाचं इंग्रजी बोलणारा, फुग्यांच्या मागे लागलेला हा प्राध्यापक कुणाला नको होता. दोघंही गावोगाव व्याख्यानं देत फिरले. १९३६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठानं त्यांना विमानविद्येच्या विभागात जागा दिली, तेव्हा कुठे घडी बसली.

एका मोठ्यापेक्षा शंभर लहान

मिनेसोटात गेल्या गेल्या जाँ यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरलं. जून १९३६ मध्ये त्यांनी मिळून सेलोफेनच्या पारदर्शक कागदाचं, चिकटपट्टीनं जोडलेलं बिनमाणसाचं बलून बनवलं आणि सोडलं. ते हलकं होतं, स्वस्त होतं आणि कॉलेजच्या पोरांच्या हातांनी तयार झालेलं होतं. दहा-एक तासांनी ते जवळजवळ हजार किलोमीटरवर आर्कान्सा राज्यात जाऊन उतरलं.

जाँ यांच्या डोक्यात मात्र आणखी एक कल्पना घोळत होती. रबर लावलेल्या कापडाचं राक्षसी बलून अवजड असतं, महाग असतं आणि एका ठिकाणी फाटलं की सगळं संपतं. त्याऐवजी हवामान खात्यात वापरतात तसले रबरी फुगे घेतले तर? शंभरेक फुग्यांचा झुबका करायचा. एक फुटला तर नव्व्याण्णव उरतात. झडपच नाही, त्यामुळे झडप अडकायचा प्रश्नच नाही. खाली यायचंय? फुगे फोडा.

यातलं गणित तुम्हीही करू शकता. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो असतं आणि तेवढ्याच हेलियमचं १७० ग्रॅम. म्हणजे एक घनमीटर हेलियम ढोबळमानानं एक किलो वजन उचलतो. जत्रेतला फूटभर व्यासाचा फुगा घेतला, तर त्यात जेमतेम १४ लिटर वायू मावतो. रबराचं वजन वजा जाता तो दहा-अकरा ग्रॅम उचलेल. ६० किलोच्या माणसाला असे साडेपाच हजार फुगे लागतील. पण फुगा दोन मीटर व्यासाचा घेतला, तर एकटाच चार किलोच्या आसपास उचलतो. व्यास वाढला की आकारमान घनाच्या पटीत वाढतं, ही सगळी त्याची किमया. मग माणूस आणि सामान मिळून वीस-पंचवीस फुग्यांत भागतं.

हेलियमचा आपल्या कोकणाशीही धागा आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं आणि सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या काळात जी पिवळी रेघ दिसली, तिच्यावरून या मूलद्रव्याचा शोध लागला. त्याला नाव देणारे इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला खास विजयदुर्गला आले होते. जत्रेतल्या फुग्यांत मात्र अनेकदा स्वस्त हायड्रोजनच भरलेला असतो. तो पेट घेतो, हेलियम घेत नाही. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांजवळ फुगे नेताना हा फरक आठवा.

आता या कल्पनेतली गोम बघा. रबरी फुगा वर जाईल तसा बाहेरची हवा विरळ होते आणि फुगा फुगत जातो, पण त्याची उचलण्याची ताकद जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे एकदा वर निघालेला झुबका आपण होऊन कुठे थांबत नाही. थांबवायचं तर फुगे कमी करायला लागतात. एक जरी जास्त फुटला, तरी उतरण सुरू होते आणि तीही आपोआप थांबत नाही. ती थांबवायला वजन टाकावं लागतं. फोडलेला फुगा परत जोडता येत नाही, टाकलेली वाळू परत उचलता येत नाही. खिशात मोजके पैसे घेऊन निघाल्यासारखं आहे हे. परतीच्या एसटीचं भाडं बाजूला काढल्याशिवाय खर्च करायचा नाही.

कृत्तिकांच्या खाली एक माणूस

१९३७ चा मे महिना. हिंडेनबुर्ग हे हायड्रोजननं भरलेलं अवाढव्य जर्मन हवाईजहाज अमेरिकेत उतरताना पेटलं आणि ३६ माणसं गेली. ती जळणारी दृश्यं सिनेमागृहांतून सगळ्यांनी बघितली होती. वायूच्या पिशवीखाली लटकणं म्हणजे काय, याबद्दल लोकांच्या मनात भीती बसलेली होती. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत जाँ पिकार्ड मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावातून उडायला तयार झाले.

त्यांच्या यानाचं नाव होतं ‘प्लिएडीज’, म्हणजे आपल्या कृत्तिका. थंडीच्या रात्री गावाबाहेर पडलात की आकाशात जो बारीक चांदण्यांचा पुंजका दिसतो, तोच. नाव अगदी चपखल होतं. नव्वदच्या वर रबरी फुगे, दोन झुबक्यांत एकाखाली एक बांधलेले, आणि खाली ॲल्युमिनियमचा छोटा पाळणा. त्यात एकटे जाँ. सोबत वजनाची पोती, एक शिकारीचा सुरा आणि एक पिस्तूल. जवळचा फुगा सुऱ्यानं कापायचा, लांबचा गोळी घालून फोडायचा. वरचा अख्खा झुबका एकदम सोडायची वेळ आली, तर दोराला त्यांच्या सवयीचं स्फोटक लावलेलंच होतं. म्हणजे खाली यायच्या तीन वेगवेगळ्या वाटा, आणि तिन्ही एकमेकींवर अवलंबून नाहीत.

१८ जुलै १९३७. मध्यरात्रीच्या अंधारात कृत्तिका जमिनीवरून सुटल्या. रायगडच्या रोपवेत बसला असाल, तर पाय जमिनीपासून सुटल्याची जाणीव तुम्हाला आहे. पण तिथे वर जाड तार असते आणि दोन्ही टोकांना स्टेशन. इथे वर फक्त रबर आणि वायू. इंजिन नसल्यामुळे आवाज नाही. वाऱ्याबरोबरच चालल्यामुळे वाराही लागत नाही. सुमारे ११,००० फूट, म्हणजे साधारण चार रायगडांइतक्या उंचीपर्यंत ते गेले. मग हिशेब करत, एकेक फुगा कमी करत खाली यायला लागले. आयोवा राज्यातल्या लॅन्सिंग गावाजवळ, मिसिसिपी नदीच्या काठच्या डोंगराळ भागात ते उतरले. सरळ रेषेत हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. महाडहून उडून कुणी मुंबईत उतरावं, तसं.

शेवट मात्र गुळगुळीत झाला नाही. दोर तोडायच्या स्फोटकामुळे पाळण्याभोवती धक्का बसू नये म्हणून लावलेल्या लाकडाच्या किसानं पेट घेतला आणि यान जळून गेलं. जाँ मात्र धडधाकट बाहेर पडले. खर्च करून बनवलेलं यान गेलं, पण जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं. फुग्यांच्या झुबक्याखाली लटकून माणूस वर जाऊ शकतो, आपल्या मर्जीनं खाली येऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशी घरच्या टेबलावर बसून जेवू शकतो.

पुढे काय झालं

जाँ या उड्डाणाकडे चाचणी म्हणून बघत होते. त्यांना अशाच झुबक्यानं अजून कितीतरी उंच जायचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ऑटो विंझेन या तंत्रज्ञाबरोबर अमेरिकी नौदलासाठी योजना आखली. पातळ प्लास्टिकच्या शंभर बलूनच्या झुबक्याखाली माणसाला ३० किलोमीटर वर न्यायचं. ‘हेलिऑस’ नावाची ही योजना १९४७ मध्ये गुंडाळली गेली आणि जाँ यांना ते उड्डाण कधीच करता आलं नाही. पण त्यासाठी विकसित झालेलं प्लास्टिकचं बलून वाया गेलं नाही. त्यातूनच ‘स्कायहुक’ ही संशोधन बलूनची मालिका निघाली.

आपल्याकडे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनीही विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी आधी रबरी फुग्यांचे झुबके आणि मग प्लास्टिकची बलून आकाशात सोडली. ते काम पुढे वाढलं आणि आजही मुंबईच्या या संस्थेचं बलून केंद्र हैदराबादला आहे.

जाँ २८ जानेवारी १९६३ रोजी, आपल्या ७९ व्या वाढदिवशी वारले. ऑगस्ट दहा महिने आधी गेले होते. जीनेट यांनी पुढे नासाच्या सल्लागार म्हणून काम केलं आणि वयाच्या ७९ व्या वर्षी, १९७४ मध्ये, चर्चमध्ये धर्मगुरू होण्याचं लहानपणापासूनचं स्वप्न पूर्ण केलं. बायकांना ती जागा तेव्हा बंद होती. त्यांचा मुलगा डॉन यानं गरम हवेच्या बलूनचा खेळ लोकप्रिय केला. ऑगस्टचा मुलगा जाक १९६० मध्ये समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी जाऊन आला आणि नातू बर्ट्रांड १९९९ मध्ये बलूनमधून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. वर असो की खाली, या घरातली माणसं गेली आणि परत आली.

खाली यायचं कसं?

पिकार्ड यांची कल्पना छंद म्हणून नंतर अनेकांनी उचलली. १९८२ मध्ये लॅरी वॉल्टर्स या अमेरिकी ट्रकचालकानं अंगणातल्या खुर्चीला चाळीसेक मोठे फुगे बांधले. थोडंसं वर जायचं होतं, पण खुर्ची पाच किलोमीटरच्या आसपास उंच गेली. काही फुगे फोडल्यावर छऱ्यांची बंदूक हातातून निसटली. शेवटी तो विजेच्या तारांत अडकून कसाबसा वाचला आणि वर दंडही भरला. २००८ मध्ये ब्राझीलचे एक धर्मगुरू, आदेलीर दि कार्ली, ट्रकचालकांसाठी विश्रांतीगृह बांधायला निधी मिळावा म्हणून हजार फुग्यांखाली उडाले. हेतू चांगला, पॅराशूट सोबत, सॅटेलाइट फोन सोबत. जीपीएस यंत्रही सोबत होतं, पण ते चालवायचं कसं हे त्यांना नीट येत नव्हतं. वाऱ्यानं त्यांना समुद्राकडे नेलं. काही महिन्यांनी अवशेष सापडले. याच्या उलट, २०१० मध्ये जोनाथन ट्रॅप यानं अशाच झुबक्याखाली इंग्लिश खाडी ओलांडली. परवाना, हवामानाचा अंदाज, वजनाचा हिशेब, सगळं हातात ठेवून.

तिघांच्या छातीत धाडस सारखंच होतं. फरक होता तो खाली यायच्या तयारीचा.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे वाचून गच्चीवर फुगे बांधायला जाऊ नका. आपल्या देशात कायद्याच्या नजरेत बलूनसुद्धा विमानच आहे, त्याला परवानगी आणि प्रशिक्षण लागतं. पण पिकार्ड यांचा धडा फुग्यांपुरता नाही. पावसाळा लागला की आपल्या भागातल्या धबधब्यांच्या कड्यांवर मोबाईल उंचावलेली गर्दी तुम्ही बघता. कदाचित त्या गर्दीत तुम्हीही असता. घसरड्या दगडावर एक पाऊल पुढे टाकायला धाडस लागतं हे खरं. पण पाऊल टाकण्याआधी, मागे यायची वाट कुठे आहे, पाणी अचानक वाढलं तर कशाला धरायचं, हे किती जण बघून ठेवतात?

आणि हे शिकवणारी माणसं शोधायला मिनेसोटाला जायला नको. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा आपल्याच परिसरातले गिर्यारोहक भर पावसात दोर लावून त्या दरीत उतरले होते. त्यांच्यापैकी कुणी भेटलं, तर विचारा. दरीत उतरताना आधी काय बघता? ते दोर कशाला बांधला आहे, ते दाखवतील. गाठ दोनदा तपासून घेतील. वर कोण उभं आहे, ते सांगतील.

सूर्याजींनी दोर कापले ते लढाई जिंकण्यासाठी, एका रात्रीपुरते आणि स्वराज्यासाठी. तसा प्रसंग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही आणि रील बनवताना तर नाहीच नाही. एरवी तुम्हाला बाइकवर घाट चढायचा असो, कडा चढायचा असो की घरच्यांना न पटणारी एखादी वाट धरायची असो, जाँ पिकार्ड यांच्यासारखा आधी हिशेब करा. वर नेणारे फुगे किती आहेत हे मोजा, आणि खाली आणणारा सुरा कमरेला आहे ना, तेही चाचपून बघा. मग खुशाल उडा.